चौथी खूण

रुपाचं डोकं धरलं की आमच्या घरात कुणी चमचासुद्धा पडू देत नाही.

माझी सून संगिता खिडकीला जुनी गोधडी लावते. माझा लेक हरिचंद मोटारसायकल तांड्याच्या तोंडाशीच बंद करतो आणि ढकलत घरी आणतो. टीव्ही बंद, फोडणी बंद, कोंबड्या मागच्या बाजूला डालून ठेवलेल्या. आणि मधल्या खोलीत, अंधारात, डोळ्यांवर ओला रुमाल घेऊन माझी एकोणीस वर्षांची नात पडलेली असते. तिची पाळी यायच्या आधी एक-दोन दिवस हे होतं.

मी तेवढा वेळ ओट्यावर बसते. कुणी विचारलं तर तूर निवडते आहे म्हणून सांगते. खरं म्हणजे मी जळत असते.

लोकांना वाटतं म्हाताऱ्या बाईला तरण्या पोरीच्या पायांचा हेवा वाटत असेल. पायांचा नाही वाटत. रुपा सिद्धेश्वरच्या कालव्याच्या कडेनं रोज पंधरा-वीस किलोमीटर पळते, तिचा सराव घेणाऱ्या करुणा मॅडम घड्याळ धरून मोटारसायकलवर मागे असतात, आणि रविवारी तर ती पार फाट्यापर्यंत जाऊन येते. पळू दे. ज्या भरावावरून ती पळते तो बहात्तरच्या दुष्काळात आम्ही बायकांनी घातला आहे. मी अठरा वर्षांची होते. माझ्याइतक्या खेपा कुणाच्या होत नव्हत्या. मुकादम दुसऱ्या बायांना म्हणायचा, तिच्या मागं चाला, पुढं जायचा नाद सोडा. पाय माझेही होते.

हेवा वाटतो तो त्या गोधडीचा. खिडकीवरच्या.

मलाही तेच दुखणं होतं. महिन्याच्या महिन्याला, पाळीच्या तोंडावर, डाव्या कानशिलात. कुणीतरी आतून रवी फिरवावी तसं. त्यात आमच्यात लग्न झालेल्या बाईनं घुगरी-टोपली घालायची असे. टोपली म्हणजे चांदीचा पोकळ घुमट, कानशिलापाशी केसांत गुंफून बांधायचा, आणि त्याखाली घुगऱ्यांचे लोंबते घोस. दोन्ही बाजूंना. नवरा जिवंत असेपर्यंत ते उतरवायचं नाही, झोपतानाही नाही. डोक्यावर मातीचं घमेलं, कानशिलावर चांदी, आणि आत ती रवी. एकदा मी कामावरून आल्यावर डावीकडची गाठ जरा सैल केली. सासूनं पाहिलं.

"नवऱ्याची खूण सैल करती? म्हणे डोकं दुखतंय! आमाला काय डोकी नव्हती?"

तिनं मला पुढ्यात बसवलं आणि गाठ अशी आवळली की डोळ्यांच्या कडा वर ओढल्या गेल्या.

पुढे देवला म्हणून एक म्हातारा तांड्यात होता, तो दुखण्यावर डाग द्यायचा. त्यानं तापलेली सळई लावली. दुखणं गेलं नाही, डाग राहिला. तो टोपलीखाली झाकला जायचा. रुपाचे आजोबा गेले त्या दिवशी बायांनी माझी चांदी उतरवली. त्या घटकेला डोकं इतकं हलकं झालं की रडता रडता मला माझीच भीती वाटली. हे मी आजवर कुणाला बोलले नाही.

आणि आता तेच दुखणं माझ्या घरात परत आलं, आणि आलं ते नाव घेऊन आलं. हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हे पाळीचं मायग्रेन आहे, ढोंग नाही. गोळी दिली. करुणा मॅडमनी ती गोळी स्पर्धेत चालते का तेही विचारून घेतलं. करुणा मॅडम हिंगोलीच्या कॉलेजात शिकवतात, स्वतः कधीकाळी राज्याच्या स्पर्धेपर्यंत पळालेल्या. त्यांनी रुपाला एक वही करून दिली: तारीख, किती पळाली, काय खाल्लं, दुखलं का.

"गोळी वेळेवर पोटात गेली तरच काम करते," त्या संगिताला समजावत होत्या. "एकदा डोकं धरलं की उपयोग नाही, ओकून टाकते ही. घोळ तिथंच आहे. सरावामुळं हिची पाळी मागं-पुढं होते, तारखेवरून काही कळत नाही. आणि हिला स्वतःला कळेपर्यंत उशीर झालेला असतो."

मी ओट्यावर होते. मला कळतं, हे शब्द अगदी दातांपर्यंत आले होते.

कारण मला खरंच कळतं. रुपाला कळत नाही, तिच्या आईला नाही, मॅडमना नाही. दुखणं यायच्या आधी चार खुणा येतात. जांभया येतात, झोप झालेली असली तरी. गोड खावंसं वाटतं, तेही गूळच. रोजचा वास सोसत नाही. आणि डाव्या डोळ्याची पापणी उजवीपेक्षा ज्वारीच्या दाण्याएवढी खाली येते. चौथी खूण आरशात बघूनही स्वतःला दिसत नाही. मला माझी कुणी सांगितली होती? कालव्यावर माझ्यासोबत मिराबाई नावाची बाई घमेलं उचलायची, ती एकदा म्हणाली, "तुझा डोळा बारीक झाला की दुसऱ्या दिवशी तू पडती बघ." बस, एवढं एक माणूस माझ्याकडे बघायचं.

डिसेंबरात एका शनिवारी रुपानं संध्याकाळभर जांभया दिल्या. चुलीच्या धुराला नाक मुरडलं. मग माझ्याकडे आली.

"दादी, गूळ दे ना थोडा."

मी डब्यातून खडा काढून दिला. तिच्या डोळ्याकडे पाहिलं. पापणी खाली आली होती. मी डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम येणार नव्हत्या, ती एकटीच लांबच्या पळण्याला गेली आणि फाट्याजवळ ओकत बसली. एका जीपवाल्यानं आणून सोडली. संगिता दारातच रडायला लागली, हरिचंदनं पोरीला उचलून आत नेलं, खिडकीवर गोधडी चढली. मी तूर घेऊन ओट्यावर बसले. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण त्याखाली दुसरं काहीतरी होतं, ते सांगायला मला अजून जड जातं. मला वाटलं, बरं झालं. कळू दे हिलाही.

मार्चात निवड चाचणी होती, हिंगोलीच्या मैदानावर, दहा किलोमीटरची. पहिल्या तिघींना पुण्याच्या तीन महिन्यांच्या शिबिरात घेणार होते. रुपा दोन वर्षं याच दिवसासाठी पळत होती. घरात दुसरा विषय नव्हता.

आदल्या दिवशी आमच्या वावरात हळद शिजत होती. हळदीच्या त्या मोठ्या कुकरचं झाकण उघडलं की सगळ्या तांड्यावर तो पिवळा, ओला वास पसरतो. आम्हाला त्याचं काही वाटत नाही, आमची अंगंच त्या वासाची. सांजेला रुपा घरात आली ती ओढणी नाकाला बांधून.

"काहून गं, दरोडा घालायला निघाली का?" हरिचंद हसला.

"बापू, किती घाण वास येऊन राहिला!"

"घाण? ह्या वासावर तुझे बूट आले."

ती हसली, आणि हसता हसता जांभई दिली. मी मोजायला लागले. जेवणापर्यंत सात झाल्या. जेवताना तिनं भाकरीबरोबर गूळ मागितला, मग पुन्हा मागितला. संगिता कौतुकानं वाढत होती, मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढत होती, नवे बूट देवापुढे ठेवत होती. माझ्या लग्नात माझी एवढी ऊठबस झाली नव्हती. मी रुपाच्या डोळ्याकडे पाहिलं, आणि ताट घेऊन उठले.

पहाटे साडेपाचला जीप येणार होती. रुपा आंघोळ करून, फणी घेऊन माझ्यापुढे आली.

"दादी, वेणी घालती का? आईचे हात पिठात हायत. घट्ट घाल, पळताना सुटली न्हाई पायजे."

ती माझ्या गुडघ्यांमध्ये बसली. लहानपणानंतर पहिल्यांदाच. मी भांग पाडला, केस तीन पेडांत घेतले. डाव्या कानशिलापाशी बोट लागलं तशी तिनं मान आखडली.

"हळू ना."

"दुखतंय का?"

"न्हाई. तूच ओढून राहिली."

मी ओढलं नव्हतं. नुसतं बोट लागलं होतं, ज्या जागी टोपलीची गाठ असायची त्याच जागी. अजून दोन-तीन तास, मग हिला मैदान दिसणार नाही. हे फक्त मला ठाऊक होतं.

मग मी ओढली. दोन्ही हातांनी, अशी की तिच्या डोळ्याची कड वर गेली.

"आई गं!"

"काय झालं?" संगितानं चुलीपासून विचारलं.

"दादी टकली करून राहिली मला!"

मी हात वर धरून पाहिले. बोटांची पेरं वाकलेली, नखं जाड, शिरा निळ्या. सासूचे हात. पुढ्यात बसलेल्या पोरीच्या डोक्यावर तेच हात.

मी तिची वेणी पुरी सोडली.

"गोळी काढ. आत्ता घे."

"कशाला? दुखत न्हाई अजून."

"दुखंल."

ती वळली. "तुला कुणी सांगितलं?"

"काल सांजेपासून तुला जांभया सुरू हायत."

"चारला उठती मी दादी. जांभया येणारच."

"गूळ दोनदा मागितला. अन् हळदीच्या घरात जन्मून हळदीच्या वासाला नाक बांधलं. गोळी घे."

ती हसायला गेली पण हसली नाही. "पण तुला काहून माहीत?"

मी पदर मागे सारला आणि डावीकडचे पांढरे केस बाजूला केले. तो डाग तिनं कधी पाहिला नव्हता. तिनं बोट पुढं केलं आणि लावलं नाही.

"तीस वर्षं मला हेच होतं," मी म्हणाले.

"कधी बोलली न्हाईस."

"कुणी विचारलं?"

ती उठून पिशवीपाशी गेली, गोळीची पट्टी काढली. मग तशीच थांबली. पोरगी हुशार आहे, मला तेव्हाच कळलं आता काय येणार.

"डिसेंबरात मी फाट्याला पडली. आदल्या दिवशी गूळ तूच दिला होता."

"व्हय."

"तवा कळलं होतं तुला?"

"व्हय."

"अन् बोलली न्हाईस?"

"न्हाई."

"काहून?"

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. मला काहीही सांगता आलं असतं, विसरले म्हणून, खात्री नव्हती म्हणून.

"जळून राहिले होते मी," मी म्हणाले. "तुझ्यावर."

तिनं गोळी तोंडात टाकली, वर तांब्याभर पाणी प्यायली. केस स्वतःच बांधले, सैलसर, मागे. रोज निघताना "येते दादी" म्हणायची, त्या दिवशी म्हणाली नाही. जीप गेली तरी मी फणी हातात घेऊन बसले होते, फणीत तिचे चार केस होते.

त्या दिवशी मी तूर घेतली नाही. ओट्यावर नुसती बसले. देव आठवले, सगळे आठवले, पण त्यांच्यापुढे तोंड उघडवेना. गोळी वेळेत गेली होती का? रात्रीच बोलले असते तर? साडेदहाला हरिचंदचा फोन वाजला आणि तो अंगणात उडीच मारून ओरडला, "तिसरी! तिसरी आली!" संगितानं पिठाच्याच हातांनी मला मिठी मारली. डोकं धरलं होतं म्हणे, सातव्या किलोमीटरला, पण धरून ठेवलं नाही. लांबून कुणी हाक मारावी तेवढंच.

रुपा घरी आली, सगळ्यांच्या पाया पडली, माझ्याही पडली. पण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मोबाइल घेऊन ओट्यावर आली आणि माझ्याशेजारी खेटून बसली.

"पुण्याला माझ्या खोलीत पुजा नावाची पोरगी राहणार हाय. ती सोबत असंल चोवीस तास. तिला खुणा सांग. फोन लावला हाय."

पडद्यावर एक गोल चेहऱ्याची पोरगी आली. दात छान होते. "नमस्कार आजी! रुपा म्हणाली तुम्हाला सगळं आधी कळतं. मला पण शिकवा. मी हिच्यावर बराबर लक्ष ठेवते."

लक्ष ठेवते. ही ठेवणार. कोण कुठली, आणि रोज सकाळी माझ्या नातीचं तोंड ती पाहणार. मला वाटलं होतं की ती जळजळ आता संपली, पण ती फक्त जागा बदलून बसली होती.

"सांगते की," मी म्हणाले. "लिहून घे. जांभया मोजायच्या. गूळ मागितला की समजायचं. अन् रोजचा वास सोसला न्हाई की लगेच गोळी द्यायची, वाट बघायची न्हाई."

"तीन खुणा," पुजानं लिहून घेतल्या. "अजून काही, आजी?"

रुपा माझ्याकडे बघत होती. तिची डावी पापणी उजवीच्या बरोबरीनं होती, अगदी सरळ.

"एक हाय अजून," मी म्हणाले. "पण ती सांगून कळत न्हाई. रुपाला म्हणावं, रोज सांजेला मला असा फोन लावायचा. तोंड दिसंल असा. मग मी सांगीन."