जाळीमागचा आकडा

दोन उभ्या रेघा, दोन आडव्या — एवढीशी जाळी, ओळीच्या अगदी सुरुवातीला... नागरत्ना चष्मा वर सरकवून स्क्रीनपाशी झुकली. टिपणाच्या ओळीआधी ही खूण असायचीच; खुणेमागचं सर्व्हर वाचत नाही, ते माणसांसाठी. पण इथं टिपण नव्हतं, आकडा होता. एका वेळी किती जोडण्या घ्यायच्या — चारशे. आणि त्याच्यापुढे जाळी.

म्हणजे सर्व्हरला चारशे ऐकूच येत नव्हतं. तो आपल्या मुळातल्या शंभरावर चालला होता, आणि दर सोमवारी डोळ्यांच्या या हॉस्पिटलातले काउंटर अडकत होते, डोळ्यांत थेंब घातलेली म्हातारी माणसं भिंत चाचपत रांगेत उभी राहत होती — चार वर्षं. आकडा वाढवू या, असं कुणी म्हटलं की तीच आडवी यायची. आपल्याआधी हे काम बघणाऱ्या गोविंदय्यांनी ठरवलाय, विचार करूनच ठरवला असेल.

आज रविवार, ओपीडी बंद, म्हणून लोहितनं तिला सहाशे करायला बसवलं होतं. साहेब तो, पण वयानं तिच्या मुलासारखा. तिनं बोलावलं तसा तो आला, खुर्चीमागून वाकून बघितलं आणि हसला.

“डुलकी काढत लिहिलं असेल हो मॅडम, तुमच्या अय्यांनी. रिपोर्टात त्यांचंच नाव घाला. ते काय आता भांडायला येतायत?”

तो गेला. भांडायला... अय्या भांडायचे नाहीतच. एक कॉफी दोघांत, त्या बाय-टूतला जास्त भरलेला पेला तिच्याकडे सरकवायचे. ते गेल्यापासून ती अख्खी कॉफी घेते आणि अर्धी तशीच राहते. रामनवमीला ते तिला हरिकथेला न्यायचे. कथा सांगणाऱ्या दासांनी पद मध्येच थांबवून, चिपळ्या मांडीवर ठेवून, आवाज खाली आणला की अय्या कानाशी कुजबुजत, गाणं देवासाठी होतं, आता बोलतायत ते आपल्यासाठी. फाइलही तशीच लिहायची, नागरत्ना — आकडा यंत्रासाठी, टिपण मागून येणाऱ्यासाठी.

मागून येणारी तीच होती. त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात तिनं त्यांची विस्कळीत टिपणं एकाखाली एक नीट लावली होती, प्रत्येक ओळीआधी खूण... उंबऱ्यापुढे रांगोळीचे ठिपके द्यावेत तशी, एकही सुटू नये म्हणून, भरल्या डोळ्यांनी. भरल्या डोळ्यांनी — म्हणजे एक ठिपका जास्त पडला. अय्यांचा आकडा उघडाच होता. जाळी मी लावली. पुढच्या आषाढात ते हासनजवळच्या गावी गेले, तिथंच वारले, आणि मी त्यांचा शब्द राखत बसले, त्यांच्याच शब्दाचं तोंड बांधून.

रिपोर्टात ‘चूक कोणाची’ यापुढे तिनं ‘गो’ लिहिलं. सोपं होतं. कुणी विचारणार नव्हतं. मग तिनं ते ‘गो’ पुसलं, स्वतःचं नाव लिहिलं, वडिलांच्या आद्याक्षरासकट, आणि पाठवून दिलं.

खूण काढली. सहाशे केले. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. तो मुकाट्यानं उठला, सहाशे म्हणाला.

बरोबर आहे ना अय्या, तिनं सवयीनं मनात विचारलं. रोजच विचारायची, आणि रोज ते म्हणायचे, बरोबर आहे गं. आज ती थांबली. एवढी वर्षं त्यांच्या आवाजात ती स्वतःच ते म्हणत होती, हे तिला कळलं होतं... आणि आज तिनं त्यांना काहीच म्हणू दिलं नाही, नुसती ऐकत बसली.