दाराजवळची खुर्ची

मित्रांनो, दार उघडताच डाव्या हाताला दिसते, ती जुनी लाकडी खुर्ची म्हणजे मी. एका सुताराने उरल्यासुरल्या लाकडातून मला घडवले. बरीच वर्षे मी स्वयंपाकघरात मानाने मिरवले. पुढे माझा एक पाय डुगडुगू लागला आणि माझी रवानगी दारासमोरच्या गॅलरीत झाली. तिथे कुंड्यांशेजारी मी ऊन खात पडून असे.

घरचे बाबा बस चालवत. माणूस मायाळू, पण घरात पाऊल टाकताच त्यांचा आवाज चढे. एकदा दारात रंग सांडलेले पाहून ते मुलीवर असे ओरडले, की ती चित्र तसेच टाकून आत पळाली. तिला सगळे खारूताई म्हणत. दुसऱ्या दिवशी ती आईला म्हणाली, "बाबा आले की सांग गं, मी आत जाऊन बसते." बाबा जिन्यातच होते. त्यांनी ते ऐकले आणि तिथेच थबकले.

त्यांची धाकटी बहीण परिचारिका होती. पुन्हा कधी ओरडणार नाही, असे ते तिला शपथेवर सांगू लागले. ती म्हणाली, "दादा, शपथा घेऊ नकोस. तू नेमका कधी चिडतोस, ते आठवडाभर नुसतं बघ."

बाबांनी पाहिले. आठवड्याने ते बहिणीला म्हणाले, "सुट्टीला नाही, जेवल्यावर नाही. चिडतो तो उंबऱ्यातच. पायात बूट आणि घशाला कोरड असते तेव्हा."

"मग उंबऱ्यापाशीच काहीतरी करू."

माझ्या पायाला खिळा बसला आणि मी दाराशी आले. शेजारी पाण्याची बाटली. ठरले असे: आधी बसायचे, बूट काढायचे, पाणी प्यायचे, तोवर चकार शब्द काढायचा नाही. जमले, की खारूताईबरोबर पत्त्यांचा डाव. नाहीतर पत्ते कपाटातच.

सुरुवातीला बाबा दातओठ खात बसत. माझे हात त्यांच्या मुठीत कळवळत. हळूहळू डाव रंगू लागले. एका संध्याकाळी मात्र ते उभ्याउभ्याच कडाडले. पत्ते निघाले नाहीत.

"माझ्याच्यानं नाही व्हायचं हे," ते पुटपुटले.

आई म्हणाली, "अहो, बाटली रिकामी होती. खुर्चीवर कपड्यांचा ढीग. तुम्ही बसणार कुठं?"

तेव्हापासून बाटली भरायचे काम खारूताईने आपणहून घेतले.

आता बाबांना माझी फारशी गरज उरलेली नाही. परवा खारूताईच माझ्यावर बसून शाळेतली गंमत सांगत होती. ती काही उठेना. बाबांनी जमिनीवरच बसकण मारली.

"बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय गं. पुढं काय झालं?" बुटाची नाडी सोडत ते म्हणाले.

मित्रांनो, एखादी सवय सुटत नसेल, तर स्वतःला दूषणे देऊ नका. ती आपल्याला कुठे गाठते ते शांतपणे पाहा आणि तिथली मांडामांड बदला. मला मात्र एवढ्यात हलवू नका. इथे मला फार बरे वाटते.