गालिच्याच्या काठावरचे बूट

तेहरानच्या लालेजार रस्त्यामागे एका तळघरात चित्रपटाचे तुकडे जोडण्याचं टेबल होतं. गुरुवारी सकाळी सिरानुशने तिथे एकच तुकडा चार वेळा फिरवून पाहिला आणि मग दिग्दर्शकाला हाक मारली.

"अर्शाविर, इकडे ये. आणि आधीच सांगते, ओरडायचं नाही."

टेबलावरच्या छोट्या काचेत अर्शाविरचा लाडका प्रसंग चालला होता. दार उघडतं. भिंतीवर लांबलचक सावली. दिवे पुरेनात म्हणून ती सावली काळ्या रंगाने रंगवलेली होती. माणूस हलला तरी ती हलत नसे, आणि अर्शाविरला नेमकं तेच आवडे. लांब रेनकोट, कपाळावर ओढलेली हॅट, हातात पिस्तूल. लाचखाऊ इन्स्पेक्टर साक्षीदार बाईला संपवायला आला आहे. गालिच्याच्या काठाशी तो थबकतो, डाव्या पायाने उजव्या बुटाची टाच दाबून बूट काढतो. मग दुसरा. आणि मोज्यांवर खून करायला पुढे जातो.

अर्शाविर ओरडला नाही. मटकन खाली बसला.

चित्रपटांच्या परवाना कचेरीच्या मोहतशमसाहेबांनी पटकथा एकाच अटीवर मंजूर केली होती. इन्स्पेक्टर लाच घेतो, म्हणून तो आपल्याकडचा वाटता कामा नये. फारसी पाटी नको, गल्लीचं नाव नको, चहाचा समोवार नको. अर्शाविरला तर हर्षच झाला होता. परदेशी गुन्हेपट पाहतच तो मोठा झालेला. त्याने तिरके जिने बांधले, पट्ट्यापट्ट्यांचा अंधार पाडला, कोरडे रस्ते नळीने भिजवले. शनिवारी साहेब तयार चित्रपट पाहणार होते. इन्स्पेक्टर इराणी वाटला, तर दोन वर्षांची मेहनत डब्यांसकट कपाटात बंद होणार होती. आणि गालिच्यावर चढण्याआधी बूट काढणारा माणूस म्हणजे आपल्याकडचाच.

"काप ते," तो म्हणाला.

"कापलं तर हा दारातून थेट तिच्या गळ्याशी उडी मारतो. लोक हसतील."

"मग पुन्हा घेऊ."

"कुठे? सेट मोडला. बाई शिराजला गेली, केस कापून."

अर्शाविरने आवाज खाली आणला. "सिरानुश, हे कुणीतरी करवून घेतलंय. आपला इन्स्पेक्टर झालेला नौजर गेल्या आठवड्यात पलीकडच्या स्टुडिओतल्या माणसाबरोबर चहा पीत होता. मी पाहिलंय."

"चहा तर सगळेच पितात."

असं ती म्हणाली खरी, पण संशय तिच्याही मनात शिरला. चित्रीकरण झाल्यावर नौजरने तिला दोनदा विचारलं होतं, 'खानम, माझे पाय दिसतात का हो?' नटाला आपल्या तोंडाची काळजी असते. पायांची कशाला? आणि अर्शाविर आता तिच्याकडेही वेगळ्याच नजरेने बघत होता. जणू विचारत होता, तुला हे आजच कसं दिसलं?

दुपारी नौजर आला. अर्शाविरने त्याला खुर्चीवर बसवलं आणि टेबलावरचा दिवा त्याच्या तोंडावर वळवला.

"आगा, डोळे दिपतायत माझे."

"बूट का काढलेस?"

"कुठले बूट?"

सिरानुशने तुकडा फिरवून दाखवला. नौजरचा चेहरा पडला.

"बोल! कुणी सांगितलं होतं?"

"तुमच्या आईंनी!"

"आईंनी?"

"गालिचा कुणाचा होता? तुमच्या घरचाच ना? आई बाजूलाच खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी पिस्तूल घेऊन आत आलो, तर म्हणतात, 'बाळा, काशानचा गालिचा आहे हो!' आता वडीलधारं माणूस बोलल्यावर मी बुटांनी तुडवू? पाय आपोआपच निघाले बुटांतून."

तेहरानमध्ये चित्रपट आवाजाशिवाय टिपतात, आवाज मागून भरतात. त्यामुळे चित्रीकरणात कुणीही खुशाल बोलत असे, आणि अर्शाविरने आईच्या बोलण्याकडे लक्ष देणं कधीच सोडलं होतं. त्याची नजर सावलीवर होती.

"आणि मला दोनदा पायांचं विचारलंस ते?" सिरानुशने विचारलं.

नौजर लाजला. "मोजा फाटका होता, खानम. अंगठा बाहेर होता."

अर्शाविरने कपाळ धरलं. सिरानुश मात्र काचेतल्या त्या पायांकडे बघत राहिली.

"या प्रसंगाला पावलांचा आवाज भरलाय का?"

"नाही अजून. उद्या भरणार."

"मग दारापासून गालिच्यापर्यंत टाचा वाजू देत. टक, टक, टक. बूट काढले की सगळं बंद. पावलं नकोत, संगीतही नको. नुसती शांतता."

अर्शाविर उठून काचेवर वाकला. "म्हणजे चाहूल लागू नये म्हणून..."

"तू म्हणू नकोस. ते पाहणाऱ्याला म्हणू दे."

शनिवारी मोहतशमसाहेब तळघरातच पडद्यासमोर वही मांडीवर घेऊन बसले. अंधारातही ते सारखं काहीतरी लिहीत होते. सिरानुश पडद्याकडे बघतच नव्हती, तिचे डोळे त्या पेन्सिलीवर होते. टाचा वाजल्या. बूट निघाले. शांतता पसरली. पेन्सिल थांबली. बाईची किंकाळी आली तेव्हा साहेब खुर्चीत दचकले.

दिवे लागले. साहेबांनी चष्मा पुसला.

"ते बुटांचं," ते म्हणाले.

अर्शाविर खुर्चीच्या काठावर सरकला.

"खुनी हुशार आहे. चाहूल लागू दिली नाही. माझ्या अंगावर काटा आला." साहेब पुढे झुकले. "पण मला एक सांगा, आगा. हे तुमच्या डोक्यातलं नाही. कुठल्या परदेशी चित्रपटातून उचललंत?"

अख्ख्या चित्रपटात हॅट परकी, कोट परका, जिना परका. आपल्या घरची अशी तेवढी एकच गोष्ट होती. अर्शाविरचं तोंड उघडलं. सिरानुशने हळूच त्याचा पाय दाबला.

"एक... अमेरिकन होता," तो पुटपुटला. "नाव आठवत नाही."

"वाटलंच मला." साहेबांनी समाधानाने वहीत लिहिलं आणि पिशवीतून शिक्का काढला. "चोरी पकडायला नजर लागते. बाकी ठीक आहे. इराणी माणूस असं कधी करणार नाही."

शिक्का उमटला. अर्शाविरने कागद दोन्ही हातांनी घेतला, मान झुकवून आभार मानले. साहेबांची पावलं जिन्यावरून वर जाईपर्यंत त्याने मान वर केली नाही.