मंगलाची शेपटी

ज्ञानेशला वीरचक्र मिळालं. आता ते मिळालंच नाही असं धरून पुढं चालू, कारण ज्ञानेशही सुट्टीवर नाशकाजवळच्या मखमलाबादला घरी तसाच आला होता. पदक मोज्यात, मोजा बॅगेच्या तळाशी. पण बातमी मोबाइलवरून त्याच्याआधीच घरी पोचली होती.

धुळवडीला नाशकात घरोघरचे वीर निघतात. लढाईत कामी आलेल्या पूर्वजाचा चांदीचा टाक वाजतगाजत गोदाघाटावर न्यायचा, अंघोळ घालायची, परत देवघरात. यंदा ज्ञानेशच्या वडिलांनी, निवृत्तीदादांनी, टाक काढलाच नाही.

"चालताबोलता वीर घरात असताना तो कशाला?"

"दादा, वीर मेलेले असतात."

"तुझं आगाऊ करून टाकू."

मग घरच्याच झेंडूच्या माळा घालून ज्ञानेशला खांद्यावर घेतला. घाटाआधीच्या मालेगाव स्टँडच्या उतारावर त्याला राहवेना. खाली वाकून तो आजीला, सखुबाईला म्हणाला, "आजी, पदक ज्याचं मिळालं, तो दारूगोळा चौकीवर मी नाय नेला. मंगलानं नेला."

"कोण मंगला?" सखुबाईचा चेहरा उजळला. ती नातसून शोधतच होती.

"आमचं खेचर. गोळे पडायला लागले तशी मी तिची शेपटी धरली अन् डोळे मिटले. मी खाली पळायला ओढत होतो, तिनं ऐकलं नाय. डोळे उघडले तर वर चौकी! उतरताना गोळी तिलाच लागली. मी मागं होतो."

सखुबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि मिरवणुकीकडं वळून ओरडली, "ऐकलं का? मुक्या जनावराला मान देतोय! किती मोठं मन!"

हलगी दुप्पट वाजली. ज्ञानेशनं पुन्हा सांगितलं, पुन्हा माळ पडली. शेवटी माळा नाकापर्यंत आल्या आणि उरलेलं खरं झेंडूतच अडकलं. घाटावर त्याला तीनदा बुडवला. एका बाईनं तान्हं पोर त्याच्या पायावर घातलं, "ह्याच्यासारखं धाडस येऊ दे." डोंगरावरून खाली पळू बघणारे तेच पाय. ते कुठं लपवावेत, त्याला कळेना.

घरी आल्यावर ओल्या कपड्यांतच त्यानं लष्कराच्या मुख्यालयाला अर्ज लिहिला:

"महोदय, सदर पदक माझ्या नावावरून कमी करून खेचर मंगला यांच्या नावे वर्ग करण्यात यावे. त्या हयात नसल्या तरी माझी हरकत नाही. ते शक्य नसल्यास प्रशस्तिपत्रात 'शत्रूच्या माऱ्यात आगेकूच केली' या शब्दांआधी 'शेपटीस धरून, डोळे मिटून व उलट दिशेने ओढत असताना' एवढी दुरुस्ती व्हावी, ही नम्र विनंती."