अंगठ्याएवढा डाग

सासऱ्यांच्या मुलाम्याच्या कारखान्यातलं धुण्याचं टेबल सुनेकडे आलं, आणि दोनच खेपांत ते हातचं जायची वेळ आली. काम होतं गोदामाच्या दाराच्या बारा जुन्या बिजागऱ्यांचं. तिने त्या सोड्याच्या कढत पाण्यात काढल्या, आम्लात गंज उतरवला, खाचाखोचा ब्रशने घासल्या. हातमोज्यांशिवाय बोट लावलं नाही. तरी जस्ताचा मुलामा चढल्यावर प्रत्येकीवर अंगठ्याएवढा डाग दिसे, आणि तिथे नख लावलं की पापुद्रा निघे.

तिसऱ्यांदा असं झालं तर टेबल पुतण्याकडे, असं सासऱ्यांनी चारचौघांत सुनावलं. पुतण्या म्हणजे कामाच्या नावाने बोंब! सुनेच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हे काम तिच्या जिवाभावाचं होतं, आणि ते ती सुखासुखी सोडणार नव्हती.

तिसऱ्या खेपेला तिने प्रत्येक बिजागरी धुऊन पाण्यातून वर उचलली आणि डोळ्यांत तेल घालून पाहिली. तेलाचा अंश राहिला तर तिथून पाणी मागे सरतं. बाराही बिजागऱ्यांवर ते सलग पसरलं होतं.

मग रिवाजाप्रमाणे सासरे आले. त्यांनी वस्तू उचलून उजेडात धरायची आणि ‘हं’ म्हणायचं. त्याशिवाय चाळीस वर्षांत काहीही मुलाम्याच्या टाकीत गेलं नव्हतं. त्यांनी पहिली बिजागरी उचलली, आणि सुनेच्या नाकाला मलमाचा वास आला. महिनाभर त्यांची बोटं दुखत होती. ते मलम चोळत, पण कुणाला सांगत नसत.

“मामंजी, तीच परत पाण्यात बुडवा,” ती म्हणाली.

त्यांनी बुडवून वर काढली. पाणी सगळीकडे पसरलं, फक्त अंगठ्याएवढ्या जागेवरून मागे सरलं. कामगार हातातलं काम सोडून बघत राहिले. पुतण्याला एकदम बाहेरचं काम आठवलं.

सासऱ्यांनी आपला अंगठा हुंगून पाहिला. सुनेने ती बिजागरी पुन्हा धुतली आणि बाराही स्वतः टाकीत सोडल्या. बाहेर आल्या त्या लख्ख. सासऱ्यांनी नखाने खरवडून पाहिलं. नख तुटलं, मुलामा हलला नाही.

“चुकलो मी,” ते सगळ्यांसमोर म्हणाले. “यापुढे ‘हं’ तू म्हणायचं.”

पुढचा माल धुऊन झाल्यावर तिने पहिला कोयंडा मोज्यातल्या हाताने उजेडात धरला. सासरे टाकीपाशी ताटकळत उभे होते. तिने कोयंडा सावकाश उलटसुलट पाहिला, त्यांना आणखी थोडं थांबवलं आणि मग म्हणाली, “हं.”