ठेंगण्या दारातून गौर

टण्.

पितळी ताटलीवर चमचा पडला, आणि विहिरीपासून ओट्यापर्यंत ताणून धरलेली शांतता थरारली. भाद्रपदाचं ऊन नारळीच्या झावळ्यांतून गळत, पानवेलींच्या हरित-शीतल अंधारातून सुवर्णाचे कवडसे होत अंगणात उतरलं. गौर निघाली होती. तेरड्याची, लालगुलाबी, ओल्या मुळांची गौर. आणि तिला उराशी धरून निघाली होती सुमती, केतकीची आई.

गौर आणणारीनं उंबरा ओलांडेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही, ही या वाडीची रीत. माहेरवाशीण केतकी दारात उभी राहून ताटली वाजवत होती. तिच्या पदराला धरून तिची लेक, रेवा. टण्, टण्. ताटली वाजत होती की छाती, कोण जाणे.

गेल्या भाद्रपदात हीच आई सुतारावर डाफरली होती, "मेल्यानं फळी वर ठोकली. डबा कसा हाताला यायचा आधी."

फळी होती तिथंच होती. आईच खाली आली होती. ओहोटी जशी न सांगता किनारा सोडते, तशी. मग पौषात ती हंडा उचलायला कमरेतून वाकली. घसरली नाही, पडली नाही, नुसती वाकली. आणि पाठीत एक मणका चेपला.

"हाड म्हणजे दगड नव्हे, बाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "ते रोज झिजतं, रोज भरतं. पाळी गेली की बायकांची झीज धावत सुटते, भर मागे पडते, नि हाड ठिसूळ होतं. म्हातारपणी पुरुषांनाही गाठतं, पण बायकांना आधी नि अधिक. आणि आईला झालं असेल, तर..." त्या केतकीकडे वळल्या, "लेकीनं आत्तापासून जपायचं."

निःशब्द, वेदनाहीन, शुभ्र झीज. वरून कांती तीच, हसू तेच. आत मधाच्या पोळ्याची भिंत भिंत विरळ होत गेलेली, नि हूं की चूं नाही.

तेव्हापासून औषध. तेव्हापासून पानमळ्याची सावली सोडून सकाळच्या कोवळ्या उन्हात चालणं. दूध साऱ्या घराला वाटून स्वतः कोरा चहा पिणारी आई आता आधी आपला पेला भरायची. आणि एक सक्त ताकीद: कमरेतून वाकायचं नाही.

पण घराचं दार ठेंगणं. पिढ्यान्‌पिढ्या बायका इथं कमरेतून वाकूनच आत आलेल्या.

ओट्यावरून मालूआत्या म्हणाली, "सुमते, हट्ट पुरे. लेकीच्या हाती दे गौर. पुन्हा मोडलीस तर झोपाळ्याला बांधून ठेवीन."

आईला बोलायची चोरी. तिनं नुसते डोळे वटारले, आणि साऱ्या बायका फिसकन हसल्या.

मग हसू थांबलं. आई दाराशी आली होती.

केतकीचा चमचा ताटलीवर थबकला. आईची पाठ ताठ, समईच्या दांड्यासारखी ताठ. आणि हळू, अतिहळू, तिचे गुडघे दुमडले. पाठ ढळली नाही, मान ढळली नाही. अख्खी आई उतरली, जशी ओसरत्या पाण्याबरोबर होडी पुलाखाली उतरते. चौकट केसांना चाटून गेली. एक पाऊल. दुसरं पाऊल. आत. आणि गुडघे उलगडले, आई उगवली, तेरड्याचे तुरे थरथरले, लाल, गुलाबी, लाल.

पाटावर गौर टेकवून आईनं पहिला शब्द काढला. "माले, आता बोल काय बोलतेस ते."

घर खळाळलं. कुणी हळद, कुणी कुंकू, कुणी फुगडीला पदर खोचला. केतकी हसत होती नि डोळे पुसत होती, दोन्ही एकाच हातानं.

रेवा मात्र हसली नाही. ती आजीच्या पाठीवरून आपली इवली बोटं फिरवत होती, मणका मणका, जशी कुणी अंधारात जिन्याची पायरी चाचपावी. मग ती केतकीकडे वळली.

"मी पोटात होते तेव्हा माझी हाडं तुझ्यातून आली ना? आणि तुझी आजीतून. मग आजीची आजीला कुणी परत द्यायची?"