शेवटचा टाका घरच्यांचा

उलाप गेली हे मला माझ्या नातीच्या ताटावरून कळलं. लिवायने तळलेला तिलापिया तसाच ठेवला. डोक्यासकट मासा चोखून खाणारी पोर ती. मी म्हटलं, "काटा लागला का गं?" तर तिने फोन माझ्यापुढे सरकवला. मला वाचायला वेळ लागतो. तिसरीत शाळा सुटली आणि हातात सुई आली, ती आजवर सुटलेली नाही. मग तिनेच वाचून दाखवलं.

"मी उलापची थोरली बहीण. उलाप काल पहाटे गेली. किडन्या निकामी झाल्या होत्या. तिला पुरायला सामारला आमच्या गावी पाठवलं..."

पुढचं तिला वाचवेना. मी तिच्या हातातून फोन घेऊन पालथा ठेवला आणि भाताच्या पातेल्यावर झाकण घातलं. दुसरं काही सुचलंच नाही.

उलाप म्हणजे ढग. हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. नऊ बेटं राखणाऱ्या शिपायांचं एक कार्टून आहे, त्याच्या नादी लागलेल्या या चौघी फोनवरच एकमेकींना भेटल्या. त्या शिपायांची चित्रं काढायची, त्यांची आपापसात लग्नं लावायची, कार्टूनवाल्यांनी कुणाला मारलं तर आपल्या गोष्टीत त्याला जिवंत करायचं, असा त्यांचा उद्योग. सेबूची ती पुसित, दावाओची ती कापितान, मनिलाची उलाप, आणि आमची लिवाय. तिथे तिचं नाव करायोम, म्हणजे सुई. ते नाव माझ्यावरून घेतलं, हे सांगायला नको.

त्यांचा एक नियम होता. चेहरा दाखवायचा नाही आणि खरं नाव विचारायचं नाही. दर शनिवारी दुपारी तीनला चौघी फोन उभा करून बसायच्या आणि पडद्यावर फक्त हात दिसायचे. कुणी चित्र रंगवतेय, कुणी त्या शिपायांच्या कापडी बाहुल्या शिवतेय, आणि गप्पा चालल्यात. मी एकदा मागून जाताना एक हात बघितला आणि थांबले.

"हा हात कुणाचा? कापडाचा गळा दाबल्यासारखा दोरा आवळलाय."

"माझा, लोला," पडद्यातून उलापचा आवाज आला. "चुकलं का?"

"चुकलं नाही, खून झालाय. कापडाची रिंग सैल कर आणि पहिल्यापासून घे."

तेव्हापासून चौघींची मी लोला, म्हणजे आजी, झाले. आमच्या लुम्बानमध्ये घरटी एक भरतकाम करणारी आहे, पण माझ्याकडे शिकायला आलेल्या पोरी आठवड्यात पळतात. उलाप दोन वर्षं टिकली. डावरी होती. सुई ढकलायचं अंगुस्तान मधल्या बोटात घालायचं सोडून अंगठ्यात घालायची. फोनवर डावरीला शिकवायचं तर सगळं उलटं करून दाखवावं लागतं, म्हणून मी माझा उजवा हात सोडून महिनाभर डाव्याने टाके घातले. दोरा संपवताना गाठ न मारता तीन टाक्यांखालून पुढे न्यायचा, एकाखालून मागे आणायचा आणि कापायचा, ही माझ्या आईची रीत. घराबाहेर मी ती कुणाला दिली नव्हती. उलापला दिली. तिच्या नखांच्या कडेला कायम लाल असायचं. नखपॉलिश पुसट झालंय म्हणायची. डॉक्टर व्हायला शिकते आणि अठराव्या मजल्यावर राहते, असं सांगायची.

मग बरं नाही म्हणाली, दवाखान्यात आहे म्हणाली, आणि आता ती नाही म्हणे. बावीस वर्षांची पोर.

मी घरात नऊ दिवसांची प्रार्थना मांडली. शेजारची बेबांग पहिल्याच संध्याकाळी कॉफी पिता पिता म्हणाली, "चोलेंग, जिचं तोंड बघितलं नाहीस तिच्यासाठी नऊ दिवस?"

"तू नवऱ्याचं तोंड तीस वर्षं बघतेस," मी म्हटलं, "त्याच्यासाठी एक दिवस तरी केलीस का?"

ती रोज आली मग. बिस्किटं खायला का होईना.

पण लिवायचं काही खरं नव्हतं. शाळेतून यायची, प्रार्थनेला बसायची आणि भिंतीकडे बघायची. चित्राची वही उघडली नाही. चौघींनी मिळून सप्टेंबरात मनिलाला त्या कार्टूनच्या मेळ्यात टेबल मांडायचं ठरवलं होतं, तेव्हा पहिल्यांदा एकमेकींची तोंडं दिसणार होती. टेबलावर घालायला अननसाच्या धाग्याचं एक मोठं कापड होतं, चार कोपरे चौघींनी भरायचे. उलापचा कोपरा भरून झाल्यावर ते पार्सलने आमच्याकडे आलेलं होतं. मी त्या कोपऱ्यात तिच्या नावाखाली क्रूस काढला, जाळीचा. जाळी म्हणजे कापडाचेच धागे मोजून ओढून काढायचे आणि उरलेले बांधून घ्यायचे. डोळ्यांत पाणी असताना धागे मोजता येत नाहीत, म्हणून तीन दुपारी लागल्या. एक टाका मी मुद्दाम बाकी ठेवला. मेलेल्याच्या कापडाचा शेवटचा टाका घरच्यांनी घालायचा असतो, आमच्या घरात असंच आहे.

आठव्या दिवशी मी लिवायला म्हटलं, "उद्या तिच्या बहिणीकडे जायचं. पार्सलवर पत्ता आहे ना?"

उलापने पार्सलं नेहमी बहिणीच्या दुकानावर मागवली होती. विक्टोरियात. सांता क्रूझला जीप बदलली की पोचलंच.

"न सांगता जायचं, लोला?"

"प्रार्थनेला कुणी बोलावणं पाठवतं का?"

निघताना बघितलं तर तिच्या मांडीवर पेन्सिलींची लाकडी पेटी होती. माझ्या मुलाने तिच्या आठव्या वाढदिवसाला आणलेली, तेव्हापासून उशाशी असणारी.

"ही कशाला?"

"तिच्या बहिणीला देणार. मी आता चित्र काढणार नाही."

सगळी जीप ऐकत होती, म्हणून मी गप्प बसले. पण ठरवलं की ही पेटी माझ्याबरोबर परत येणार. नाहीतर एका पोरीबरोबर माझी दुसरी पोरही जायची.

विक्टोरियात दुकान काही दिसेना. बदकांच्या खुराड्यांमागे एक बोळ होता, तिथे बायका खारवलेल्या अंड्यांना लाल रंग देत बसल्या होत्या. प्रत्येकीचा हात मनगटापर्यंत लाल. मला तेव्हा काहीतरी टोचलं, पण काय ते कळलं नाही. पत्ता विचारला तर एकीने शेवटच्या पत्र्याच्या घराकडे हनुवटी केली.

दार उघडणारी पोर बारीक, केस ओले. हात एप्रनमध्ये गुंडाळलेले. लिवायने सांगितलं, "मी करायोम. या माझ्या लोला." ती पोर दाराला धरून उभी राहिली. मग अगदी घोगऱ्या, दबक्या आवाजात म्हणाली, "या. मी बहीण तिची. घसा बसलाय माझा."

आत गेलो. जमीन नुकती झाडलेली, ओली. केरसुणी कोपऱ्यात उभी. घरात मयत झालं की नऊ दिवस कुणी झाडत नाही, हे आमच्याकडे रांगतं पोरही जाणतं. मेणबत्ती नव्हती. तिच्या छातीवर दुखवट्याची काळी पिन नव्हती. मी म्हटलं, जाऊ दे, एकटी पोर आहे, थोरं कुणी सांगायला नसेल.

"तिचा फोटो आहे का?" लिवायने विचारलं. "आम्ही कधी बघितलंच नाही तिला."

"गावी आहे. सामारला."

मी पान्सितच्या शेवया काढल्या, पानात गुंडाळलेले भाताचे सुमान काढले. नवव्या दिवशी मेलेल्यासाठी एक ताट वाढून बाजूला ठेवायचं, तसं ठेवलं. लिवायने पेटी तिच्यापुढे ठेवली. "हे तुमच्याकडे राहू दे. ती म्हणायची, माझ्या निळ्या रंगासारखा निळा तिला मिळत नाही." त्या पोरीने पेटीला हात लावला नाही. नुसती तिच्याकडे बघत राहिली.

मग मी कापड उलगडलं. "हे बघ बाळा. तुझ्या बहिणीचा कोपरा. क्रूस मी काढलाय. हा एक टाका तुझ्यासाठी ठेवला. दोरा ओवलेला आहे."

"मला येत नाही, लोला."

"वाकडा आला तरी चालेल. ती काही तक्रार करणार नाही."

मी सुई आणि माझं अंगुस्तान तिच्यापुढे धरलं. तिने एप्रनमधून हात काढले. लाल होते, बोळातल्या बायकांसारखेच, पण धुऊन धुऊन फिके केलेले, आणि नखांच्या कडेला गडद. तिने अंगुस्तान घेतलं आणि अंगठ्यात घातलं. डाव्या.

मी बघत होते आणि माझ्या डोक्यात काहीच चाललं नव्हतं. हात बघत होते फक्त. सुई खालून वर आली, टाका बसला. मग दोरा तीन टाक्यांखालून पुढे गेला. एकाखालून मागे आला. तिने कात्रीसाठी हात पुढे केला, दर शनिवारी करायची तसा, न बघता, उजवीकडे.

कात्री कुणी दिली नाही.

बाहेर बदकं ओरडत होती.  मी चार मुलं जन्माला घातली, एक पुरलं, नवऱ्याला तळ्यातून काढून आणलेलं बघितलं, पण असं कधी झालं नव्हतं की समोर बसलेल्या माणसाकडे मान वर करून बघायची भीती वाटावी. जिच्यासाठी मी आठ दिवस गुडघे झिजवले ती माझ्यापुढे बसून कात्री मागत होती.

मी लिवायकडे बघितलं. तिची नजर त्या हातावर होती. दोन वर्षं दर शनिवारी तिने तो हात बघितलेला. तिचा चेहरा कोऱ्या कापडासारखा झाला होता.

"उलाप," ती म्हणाली. विचारलं नाही. नुसतं म्हणाली.

त्या पोरीने सुई खाली ठेवली. "माझं नाव जोनालिन," ती म्हणाली. आणि घसा कुठला बसलेला, तोच आवाज, 'चुकलं का, लोला' विचारणारा.

"बहीण कुठेय?" मी विचारलं. 

"बहीण नाही."

"आणि अठरावा मजला?"

तिने डोक्यावरच्या पत्र्याकडे बोट केलं. मग बोलायला लागली, तेही लिवायकडे न बघता. सप्टेंबरात भेटायचं ठरलं आणि ती घाबरली. तिथे हे लाल हात घेऊन कोण उभं राहणार, डॉक्टरीचं कुणी काही विचारलं तर काय सांगणार. म्हणून तिने आधी सांगितलं, बरं नाही. "तुम्ही रोज विचारायला लागलात. म्हणून आजार थोडा वाढवला. मग कापितान म्हणाली, कुठल्या दवाखान्यात आहेस, आम्ही येतो. मग मला दुसरं काही राहिलंच नाही."

"मरण सोडून," मी म्हटलं.

"हो, लोला."

"खरं सांगायला काय झालं होतं? जीभ झडली असती?"

"वाटलं, चार दिवस रडाल आणि विसराल. गोष्टीत आपण किती जणांना मारतो." तिने तोंडावर हात घेतले. "तुम्ही प्रार्थना मांडाल असं कुणाला वाटलं होतं?"

मला तिच्या कानाखाली एक ठेवून द्यायची होती. हात उचललाही होता. पण लिवाय उठली. मला वाटलं आता ही बाहेर पळणार, किंवा ताट भिरकावणार. तिने ते बाजूला ठेवलेलं ताट उचललं, मेलेलीचं, आणि जोनालिनच्या पुढ्यात आणून ठेवलं.

"जेव," ती म्हणाली. "मी नऊ दिवस जेवले नाही. तू माझ्यासमोर जेव."

ती जेवली. रडत, शिंकरत, सगळं पान्सित, शेवटच्या शेवयेपर्यंत. लिवाय समोर मांडी घालून बघत बसली. ताट रिकामं झाल्यावर तिने आपली पेटी उचलून पिशवीत टाकली.

"शनिवारी तीनला," ती म्हणाली. "त्या दोघींना तू सांगायचं. मी नाही सांगणार."

निघताना जोनालिन आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आली. मयताच्या घरचं माणूस पाहुण्यांना पोचवायला कधी बाहेर येत नाही. मी म्हटलं, "बरोबर आहे, तुझ्या घरात कुणी मेलंच नाही," आणि जीपमध्ये बसले.  लिवाय खिडकीबाहेर बघत होती. एकदाच बोलली. "लोला, मला राग यायला पाहिजे ना? मला नुसतं ती आहे एवढंच वाटतंय. राग नंतर येईल का?"

"येईल," मी म्हटलं. "आला की माझ्याकडे पाठव, माझ्याकडे जागा आहे."

शनिवारी तीनला पडद्यावर तीन खिडक्या होत्या. मग चौथी उघडली. लाल, डावा हात, अंगठ्यात अंगुस्तान. पुसितचा ब्रश हवेतच थांबला आणि त्यातून निळा थेंब कागदावर पडला. कापितानचे हात मांडीवर गेले.  मग जोनालिनने फोन उचलला आणि आपल्या तोंडासमोर धरला, ओले केस, सुजलेले डोळे, आणि सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर कापितानने खिडकी बंद केली. ती अजून उघडलेली नाही.

राहिला तो क्रूस. भरलेलं असतं तर उसवलं असतं. पण जाळीचे धागे मी ओढून फेकून दिलेत, ते कुठून आणू? कापड मी विक्टोरियाला पाठवलं. एक एक धागा ओवून ती भोकं तिची तिनेच भरायची. शनिवारी ती कापड पडद्याजवळ आणते, मी बघते, लिवाय शेजारी बसून निळ्या पेन्सिलीला टोक काढते.

"रिंग सैल कर," मी सांगते.

अर्धा क्रूस अजून बाकी आहे.